श्वास पुरेल तेवढा इतिहास

किल्ल्यांवर बोलायचं तर किल्ल्यावर जावं लागतं, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एका संध्याकाळी माझं ‘सह्याद्रीचं दुर्गवैभव’ असतं. स्लाइड असतात, लेझर पॉइंटर असतो आणि आरती संपून शिरा येईपर्यंतचा वेळ असतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गॅझेटियर वाचले, नकाशे जमवले, दुर्गसाहित्याचं एक कपाट उभं केलं. रतनगडाच्या नेढ्यावर तर मी इतका रंगून बोलायचो की स्वयंपाक्यालाही शिरा दोनदा गरम करावा लागायचा. यंदा मात्र पुढच्या रांगेतल्या एका चौथीतल्या मुलीने हात वर केला.

“काका, तिथे वारा किती असतो?”

“खूप,” मी म्हणालो.

“म्हणजे टोपी उडते का?”

सभागृहात माझी बायको होती. मी काय उत्तर देतो यासाठी ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रेकिंग ग्रुपचा फॉर्म भरून तिने माझ्या चहाशेजारी ठेवला. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. खाली ठळक अक्षरांत ‘श्रेणी : अवघड’ असं छापलं होतं. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘व्याख्याने’.

तयारी मी माझ्या पद्धतीने केली, म्हणजे वाचून. सॅकमध्ये सगळ्यांत जड काय असेल तर माझी फाइल. १८८४ सालच्या अहमदनगरच्या गॅझेटियरमधली पानं, मंदिरस्थापत्यावरच्या टिपणांच्या झेरॉक्स, हाताने काढलेला घाटवाटांचा तक्ता. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, झेरॉक्सचं वजन तेवढंच आहे. तंबाखूच्या व्यापाऱ्यापासून साखर कारखान्यापर्यंत सगळ्यांची कर्जप्रकरणं मी आयुष्यभर अशाच फायलींतून उलगडत आलो. दोन किल्ले आणि एक खिंड उलगडायला काय वेळ लागणार?

डिसेंबरातल्या त्या पहाटे बस रतनवाडीला पोचली तेव्हा नुकतं फटफटत होतं. भंडारदऱ्याच्या पाण्यावर धुकं होतं आणि गावाच्या कडेला अमृतेश्वराचं देऊळ. हे देऊळ मी स्लाइडवर एवढ्या वेळा दाखवलंय की समोर ते खरंच उभं आहे, हे पाहून जरा दचकायला झालं. मुलं दात घासत होती. मी पॉइंटर काढला.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली असं सांगतात, त्यातलं हे प्रवरेच्या उगमाजवळचं. मग शिखराची भूमिज शैली, म्हणजे लहान लहान शिखरांच्या उभ्या रांगा वर चढत गेलेल्या. मग पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती. मग मी धरणाकडे वळलो : १९२६ साली पुरं झालेलं, विल्सन गव्हर्नरच्या नावाचं. कोवळ्या उन्हात लेझरचा ठिपका दिसत नाही, म्हणून मी स्वतःच शिखराकडे बोट दाखवत मागे मागे सरकत होतो. चाळीस मिनिटं झाली. विशीतला एक मुलगा तोंडात ब्रश तसाच ठेवून शेवटपर्यंत ऐकत होता. बाकीच्यांनी पोहे संपवून बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या.

“काका, थोडं वर सांगता येईल,” लीडर म्हणाला. वय पंचविशीचं, पोटऱ्या दगडी.

“वरचं वेगळं आहे,” मी म्हणालो.

बोलणं आणि श्वास घेणं या दोन कामांना निसर्गाने एकच नळी दिली आहे, हा भाग माझ्या वाचनातून राहून गेला होता. रतनवाडीतून निघालं की वाट आधी प्रवरेच्या ओढ्यातून इकडे तिकडे करते, मग रानात शिरते आणि मग थेट चढायला लागते. ओढ्यापर्यंत मी रतनगड या नावाबद्दल बोललो. रानात शिरल्यावर कारवीबद्दल बोललो, ती सात वर्षांनी फुलते वगैरे. चढ लागला तेव्हा ‘वगैरे’ एवढंच उरलं.

ग्रुपमध्ये सर्वांत शेवटी चालणाऱ्या माणसाच्याही मागून जो चालतो, त्याला स्वीप म्हणतात. आमची स्वीप सीएची परीक्षा देणारी एक मुलगी होती. सर्वांत शेवटी चालणारा माणूस कोण, हे पहिल्या अर्ध्या तासातच ठरून गेल्यामुळे तिचं काम सोपं झालं होतं. ती मला एकच वाक्य म्हणायची : “काका, आरामात.” या वाक्याच्या छटा मी त्या ट्रेकमध्ये शिकलो. चढावर ते धीर देण्यासाठी असतं, उतारावर काळजीपोटी. आणि सपाटीवर म्हणाली तर समजावं की पुढच्यांचं जेवण झालंय.

रतनगडाच्या शिड्या लोखंडी आहेत आणि तिथे माकडं आहेत. दोन्ही गोष्टी मला वाचून ठाऊक होत्या. त्या एकाच वेळी भेटतात, हे गॅझेटियरमध्ये नव्हतं. शिडीच्या मध्यावर माझे दोन्ही हात दांड्यांत गुंतलेले असताना एका नराने शांतपणे सॅकची चेन उघडली, फाइल बाहेर काढली, कातळावर बसून ती चाळली, एका पानाचा कोपरा खाऊन पाहिला आणि होती तिथे ठेवून तो निघून गेला. बिस्किटांच्या पुड्याला त्याने हात लावला नाही याचं मला अजून नवल वाटतं. अर्थात बिस्किटं फाइलच्या खाली होती, इतक्या खोलवर जायचा त्यालाही कंटाळा आला असावा.

वर गणेश दरवाजा लागला. माझ्या टिपणात त्यावर दीड पान होतं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि म्हणालो, “हा गणेश दरवाजा.”

“गणपती दिसतोय काका,” मघाचा ब्रशवाला मुलगा म्हणाला, अगदी आदराने.

नेढं म्हणजे गडाच्या माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की दोन्हीकडचा मुलूख दिसतो. मी बसलो आणि टोपी उडाली. घाटावरून आलेला वारा तिला घेऊन थेट कोकणात उतरला. त्या चौथीतल्या मुलीला उत्तर मिळालं होतं, पण फोनला रेंज नव्हती.

रात्री मुक्काम गडावरच्या गुहेत. त्याबद्दल एवढंच सांगतो की स्लीपिंग बॅगेत शिरण्याची एक रीत असते आणि ती पायांपासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशीची कात्राबाई हा सगळ्या प्रवासाचा गाभा, आणि माझाही पार गाभा काढला तो तिनेच. गडाखालच्या फाट्यावरून हरिश्चंद्रगडाची वाट सुटते आणि दाट रानातून खिंडीकडे चढत जाते. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही इतकी गर्द झाडी. वाट आहे की पाण्याने काढलेली घळ, हे आमच्याबरोबरच्या रतनवाडीच्या वाटाड्या मामांनाच कळत होतं. मामा बोलत नव्हते. चढावर बोलायचं नसतं हे ज्ञान त्यांना कुठल्याही फाइलीशिवाय होतं. माझ्या घाटवाटांच्या तक्त्यावर ही खिंड मी निळ्या शाईत एक इंच लांब काढली होती. तो इंच सकाळी सुरू झाला आणि दुपारपर्यंत चालू होता.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. पुढचे सगळे नमस्कार करून गेले. मीही वाकलो. वाकल्यावर सॅक मानेवर सरकली, फाइलचं वजन पुढे आलं आणि मला उठता येईना. लोटांगण म्हणावं असा प्रकार नव्हता, पण त्याच्या वाटेवर होता. तेवढ्यात मागून आलेल्या दुसऱ्या एका ग्रुपने आपापले बूट काढले आणि माझं होईपर्यंत हात जोडून रांगेत उभं राहून घेतलं. स्वीप आली, तिने मागून सॅक उचलली आणि मी सरळ झालो. “केवढी श्रद्धा,” रांगेतली एक बाई हळूच म्हणाली.

खिंडीतून मागे रतनगडाचा खुटा, समोर आजोबाचा डोंगर आणि दूर, फारच दूर, हरिश्चंद्रगड. लीडर बोट दाखवून म्हणाला, “तो बघा काका, उद्या तिथे.” मला त्यावर बोलायचं होतं. माझ्याकडे हरिश्चंद्रगडावर अकरा पानं होती. मी नुसती मान हलवली.

पलीकडचा उतार घसाऱ्याचा. माझे बूट मॉर्निंग वॉकचे, त्यांचा तळ वर्षानुवर्षांच्या सिमेंटच्या ट्रॅकवर गुळगुळीत झालेला. सुरुवातीला मी उभ्याने उतरलो, मग बसून, मग ज्या अवस्थेत उतरलो तिला शब्द नाही, पण पँटला ती अवस्था कळली. स्वीपने ओढणी काढून दिली, ती मी कमरेला बांधली. कुमशेतमध्ये माझा प्रवेश त्या ओढणीसकट झाला. गावातली पोरं खेळ थांबवून बघत राहिली.

आमचा मुक्काम होता त्या घरच्या आजींनी पाय बुडवायला गरम पाणी दिलं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. अंगणात सगळे पाय पसरून बसले होते. आजींनी मला विचारलं, “बाबा, तुम्ही या वयात कुठं निघालात?”

“हरिश्चंद्रगडावर. देऊळ पाहायला.”

“मग पाचनईला गाडी जाती की.”

अंगणात बराच वेळ कुणी बोललं नाही. लीडर भाकरीकडे बघत होता. बस पाचनईपर्यंत जाते हे फाइलमध्येही होतं. पण त्या पानाचा कोपरा माकडाने खाल्ला होता, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

पहाटे चुलीची लाकडं दवाने ओलसर झाली होती. आजींना पेटवायला कागद हवा होता. माझ्या सॅकच्या तोंडाशीच पानं दिसत होती. एक उपसून त्यांनी विचारलं, “हे कामाचं हाये का?” मी पाहिलं. गॅझेटियर, हरिश्चंद्रगड. “नाही,” मी म्हणालो. चहा उत्तम झाला. तो सगळ्यांना पुरावा म्हणून मी आणखी तीन पानं दिली.

कुमशेतहून पाचनईच्या वाटेवर मुळा नदी आडवी येते. एकीकडे रतनगडाजवळून निघालेली प्रवरा, दुसरीकडे ही मुळा. दोघी डोंगर सोडून जमेल तितक्या लवकर सपाटीला लागतात आणि खाली नेवाशाजवळ एकमेकींना भेटतात. नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते. एवढं मी नदीच्या पात्रात पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या सांगितलं. बसून सांगता येतं, हा शोध मला उशिरा लागला. पण माझं वाक्य संपेपर्यंत समोर फक्त स्वीप उरली होती, आणि ती घड्याळ बघत होती.

पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट सर्वांत सोपी मानली जाते. सुट्टीच्या दिवशी तिथे शाळेच्या सहली असतात, सरबताच्या टपऱ्या असतात, भज्यांचा वास असतो. डोक्यावर पुढे आलेल्या कातळाच्या सावलीतून वाट जाते, मग ओढ्याकाठाने वर. सहलीतल्या मुली मला मागे टाकताना “सर, गुड मॉर्निंग” म्हणून जात होत्या. मी शाळेतला सर वाटलो असेन किंवा त्यांच्या सरांनी सांगून ठेवलं असेल की वाटेत म्हातारी माणसं दिसली तर नीट वागा.

आणि मग हरिश्चंद्रेश्वर. ओढ्याच्या काठी उभा असलेला काळा, कोरीव डौल. आजूबाजूला कातळात खोदलेल्या गुहा, पुष्करणी, तिच्या भिंतीत ओळीने कोनाडे. कित्येक वर्षं हे देऊळ मी लोकांना दाखवत आलो. त्याच्या पायऱ्यांवर मी टेकलो आणि पाठ टेकवली ती टेकवलीच. तेवढ्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

“काका, तुम्ही इथले जाणकार ना? थोडी माहिती सांगता?”

मी तोंड उघडलं. श्वास आत गेला, बाहेर आला. शब्द कुठल्याच फेरीत आले नाहीत. मी देवळाकडे बोट केलं.

मग तो ब्रशवाला मुलगा पुढे झाला. शिलाहार, झंझ, बारा मंदिरं, तिथून भूमिज शैली, तिथून चांगदेव. इथल्या गुहेत चांगदेवांनी तप केलं, ‘तत्त्वसार’ इथेच लिहिलं असं मानतात, याच चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि त्याच्या उत्तरात पासष्टी आली. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला असं मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. रतनवाडीत मी जे जे बोललो होतो ते सगळं त्याने लक्षात ठेवलं होतं, माझ्या ‘म्हणजे बघा’सकट. खोकलोही होतो मी एका ठिकाणी. तोही त्याच ठिकाणी थांबला. फरक एवढाच की त्याचं पाच मिनिटांत झालं आणि त्या कुटुंबातली लहान मुलगी शेवटपर्यंत ऐकत होती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आडव्यानेच.

संध्याकाळी केदारेश्वराची गुहा. आत माणसाच्या छातीला येईल असं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फगार पाणी आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एक. चार युगांचे चार खांब, तीन तुटले, चौथा पडला की कलियुगाचा शेवट, अशी लोकांची समजूत. पाण्यातून प्रदक्षिणा घालायची रीत आहे. माझ्या दुखणाऱ्या गुडघ्यांना थंड पाणी बरं, असं डॉक्टर म्हणतात, म्हणून मी उतरलो. अर्ध्या प्रदक्षिणेत गुडघे दुखायचे थांबले, कारण ते आहेत की नाहीत तेच कळेना. तोल गेला. आधाराला जवळ एकच वस्तू होती. मी हात टाकला.

“काका, खांब सोडा!”

ही हाक आमच्या ग्रुपची, पुण्याच्या कुटुंबाची आणि सहलीतल्या दोन शिक्षकांची, सगळ्यांची एकदम आली. सीएच्या अभ्यासाने देवाधर्मावरचा विश्वास उडालेली आमची स्वीपसुद्धा ओरडली. मी हात काढला आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. जग चालू राहिलं. मामा काठावर उभे होते. सबंध वाटेत माझ्याशी न बोललेले मामा तेव्हा पहिल्यांदा बोलले : “एवढ्यानं नाय पडत तो. तुमच्यासारखे लई येऊन गेले.”

कोकणकड्यावर लोक पालथे झोपून डोकं बाहेर काढतात आणि खाली पाहतात. आडवं पडणं ही जिथली रीतच आहे अशी सबंध वाटेवरची ही एकच जागा, आणि ती मला लगेच जमली. कडा आतल्या बाजूला पोकळ गेलेला, खाली बेलपाड्याची घरं ठिपक्याएवढी. कर्नल साइक्सला इथे इंद्रवज्र दिसल्याची नोंद आहे : सूर्य पाठीशी, ढग समोर दरीत, आणि ढगावर पुरं गोल इंद्रधनुष्य. त्या गोलाच्या मध्यात ज्याला त्याला आपल्याच डोक्याची सावली दिसते, शेजारी किती का माणसं उभी असेनात. माझ्या स्वभावाला इतका साजेसा देखावा साऱ्या सह्याद्रीत दुसरा नसेल. डिसेंबरात ढग नव्हते, त्यामुळे तो चुकला. मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापणं चाललं होतं. त्याचा तुकडा मला पालथ्यानेच भरवण्यात आला.

सकाळी उतरायचं ते खिरेश्वरच्या बाजूने. पठारावरून टेकाडामागून टेकाड येत राहतं. गड उतरतोय म्हणावं तर आपण अजून चढतच असतो. मग तोलार खिंडीच्या वरचा कातळ, जिथे आता लोखंडी रेलिंग लावलेत. कातळाकडे तोंड करून मी उलटा उतरलो. खालून वर येणाऱ्यांना माझी पहिली ओळख स्वीपच्या ओढणीची झाली.

खिंडीत दगडावर कोरलेलं व्याघ्रशिल्प आहे. तिथे साठीचे एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा टी-शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. भोवती दहा-बारा तरुण, निम्मे केळी खात होते.

“हे शिल्प नीट पाहा,” ते सांगत होते. “घाटवाटांवर अशी शिल्पं का असतात, त्याकडे मी येतोच. पण आधी शिलाहार.”

त्यांचा आवाज खणखणीत होता, श्वास अगदी शाबूत. वरचा कातळ अजून त्यांच्या वाट्याला यायचा होता. मी त्यांच्या श्रोत्यांत जाऊन दगडावर बसलो. चांगदेवांचं त्यांनी थोडं चुकवलं; दुरुस्त केलं असतं तर उठावं लागलं असतं. स्वीपने मान हलवून विचारलं, निघायचं का? मी बोट ओठांवर ठेवलं. वीसेक मिनिटांनी त्यांनी फाइल मिटली आणि पाण्याची बाटली उघडली. ग्रुप उठायला लागला. लीडरने खालून शिटी वाजवली.

मी घाईघाईने उजवा बूट काढला, मग डावा काढला, आणि विचारलं, “साहेब, ते पुष्करणीतल्या कोनाड्यांचं जरा सविस्तर सांगता का?”